मोठा कुत्रा दत्तक आणलाय, अंगण आहे, तरी शू-शी घरातच करतो: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधाल

"अर्धा तास अंगणात उभी होते. त्याने सगळी झाडं हुंगली, गेटपाशी जाऊन भुंकून आला, पण केलं काहीच नाही. आत आलो, मी चपला काढतेय तोवर सोफ्यामागे डबकं." दत्तक कुत्रा घरी आला की पहिल्या पंधरवड्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं की हा मुद्दाम करतोय, आणि तिथून त्याला परत पाठवायच्या गोष्टी सुरू होतात. माझा जीव तिथे तुटतो. परत गेलेल्या मोठ्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं फार अवघड असतं, आणि परत पाठवायचं कारण बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटण्यासारखं असतं.

खाली लिहिलंय ते वर्ष-दीड वर्षाच्या पुढच्या कुत्र्यांसाठी, आणि ज्यांच्या घराला अंगण, परस किंवा निदान मागे थोडी मोकळी जागा आहे अशांसाठी. पिल्लाचं सगळं वेगळं, त्याला धरवतच नाही. मोठा निरोगी कुत्रा रात्रीचे सात-आठ तास धरू शकतो, दिवसा मात्र त्याला चार-पाच तासांपलीकडे ताणायला लावू नये. म्हणजे ताबा त्याच्याकडे आहे. या घरात ती जागा कुठली, एवढंच त्याला ठाऊक नाही. दिवाणखाना कुठला आणि अंगण कुठलं हे आपल्याला लख्ख दिसतं. त्याच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच परक्या, आणि परक्या जागेत तो आपल्या पायांना सवयीची असलेली जमीन शोधतो. माझ्या अनुभवात बहुतेक घरांचं अडतं ते इथेच.

शिकवण्याआधी डॉक्टर

शिकवायला सुरुवात करण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून लघवी आणि शी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग असलेला कुत्रा तुम्ही कितीही वेळा बाहेर नेलात तरी घरात करणारच, कारण त्याला दर थोड्या वेळाने कळ येते आणि ती थांबवता येत नाही. सारखं थोडं थोडं करणं, कण्हणं, लघवीला लालसर रंग ही संसर्गाची किंवा मूतखड्याची लक्षणं आहेत. नर कुत्रा जोर करतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

नमुना घ्यायला एक जुनी पळी किंवा उथळ ताटली स्वच्छ धुऊन ठेवा. सकाळी पहिल्यांदा करायला लागला की मागून हळूच धरायची. मादी खाली बसते, तिच्यासाठी ताटली बरी. नमुना लगेच पोचवणं जमणार नसेल तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा.

पाणी किती पितो तेही मोजा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याने रोज दीड लिटरहून अधिक पाणी पिणं नेहमीचं नव्हे. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, कुशिंगचा आजार (हा हार्मोनचा एक आजार) यांची सुरुवात अशीच होते. नसबंदी न झालेल्या मादीची तहान अचानक वाढली, ती मलूल झाली, मागून स्राव येऊ लागला तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात एक दिवसही घालवू नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: निवारा केंद्रातून आलेल्या कुत्र्याला खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर त्याची तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. सोबत आलेली औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, पण स्टेरॉइड मनाने बंद करू नका.

शी पातळ होत असेल तर आधी ताटात काय पडतंय ते बघा. आपल्याकडे नव्या कुत्र्याचं स्वागत दूध-पोळीने होतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. जुलाब झालेला कुत्रा मध्यरात्री माजघरात करतो तेव्हा त्याला दुसरा इलाजच नसतो. केंद्रात जे खात होता तेच पहिले काही दिवस द्या, मग आठवडाभरात हळूहळू तुमच्याकडच्या खाण्यावर आणा. उरलेली आमटी-भाजी नको. त्यातल्या मिठाने तहान वाढते, आणि कांदा-लसूण तर त्याच्या रक्तालाच अपाय करतात. जंतांचं औषध राहिलं असेल तर तेही आताच उरकून घ्या.

डबकं नीट बघा

पुसायच्या आधी क्षणभर थांबून बघा: किती आहे, कुठे आहे, कधी झालं, तेव्हा तो कसा उभा होता. पहिला आठवडा एका वहीत वेळ आणि जागा लिहून ठेवा. खाण्याच्या आणि बाहेर नेण्याच्या वेळाही त्यातच टिपा. चार दिवसांत ठराविक वेळा आणि जागा दिसायला लागतात.

मोठं डबकं, मोकळ्या फरशीवर, उठल्यावर किंवा जेवल्यावर झालेलं असेल तर ते साधं पोट आणि मूत्राशय रिकामं करणं आहे. हे पोस्ट मुख्यतः त्याबद्दल आहे.

थोडीशी शिंपण, तीही सोफ्याचा पाय, दाराची चौकट, पडदा, नवी आणलेली पिशवी अशा उभ्या वस्तूवर, तर ती खूण आहे. नवं घर आपलं करायची त्याची ती रीत. नसबंदीने बऱ्याच नरांमध्ये हे कमी होतं, पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जावे लागतात, आणि जुनी सवय थोडी मागे उरतेच. पालिकेने नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाची कड कापलेली असते. तशी असेल तर नुसत्या हार्मोनवर बोट ठेवून थांबू नका, जागा धुणं आणि नजर ठेवणं हाच उपाय.

तुम्ही कामावरून आलात, वाकून डोक्यावरून हात फिरवायला गेलात, आणि त्याने कान मागे टाकून, अंग चोरून जागीच सोडली, तर ती भीती आहे. अशा कुत्र्याला रागावलं की ते वाढतं. घरात शिरताना त्याच्याकडे बघू नका, बाजूने बसा, त्याला स्वतःहून येऊ द्या, आणि शक्य असेल तर भेटच अंगणात होऊ द्या.

तो झोपला होता तिथेच अंथरूण ओलं, आणि त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नाही: नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे पुढे कधीतरी सुरू होऊ शकतं. यावर चांगली औषधं आहेत. शिकवून हे थांबत नाही.

आणि घरात कुणी नसतानाच होत असेल, सोबत दार ओरबाडलेलं, लाळ गळलेली, शेजारी सांगताहेत की दिवसभर रडत होता, तर मूळ दुखणं एकटेपणाचं आहे. ते आधी हाताळावं लागेल.

तो आला कुठून?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते.

केंद्राच्या पिंजऱ्यात राहिलेल्या कुत्र्याला सिमेंटची जमीन आणि रोज सकाळी पाइपने होणारी धुलाई सवयीची असते. रात्रीची शू त्याच कोब्यावर, पाणी वाहून जातं त्या कोपऱ्याकडे. आता त्याला तुमच्या घरात आणा. गुळगुळीत गार फरशी, कोपऱ्यात न्हाणीघर, मोरी. सगळं ओळखीचं! अंगणातली मऊ माती, ओलं गवत हे मात्र पायांना विचित्र लागतं. तो बाहेर अर्धा तास धरून ठेवतो आणि आत येऊन मोकळा होतो, यात कसलाही हट्ट नाही. त्याच्या हिशेबाने तो योग्य जागी आला आहे.

अशा कुत्र्यासाठी अंगणात त्याच्या ओळखीची जमीन तयार करा. धुण्याच्या दगडाजवळचा कोबा, मागची फरशी, काहीच नसेल तर कोपऱ्यात ठेवलेल्या चार जुन्या फरश्या चालतील. घरात केलेलं पुसलेलं फडकं न धुता तिथे नेऊन ठेवा, म्हणजे वास तिकडे जाईल. तिथे करायला लागला की दोन-तीन दिवसांनी फरशीवर मूठभर माती पसरा. मग थोडी जास्त. फरशी पूर्ण झाकली गेली की एकेक काढून टाका. हे सगळं व्हायला पंधरवडा-तीन आठवडे लागतात. सकाळी उठल्याबरोबर न्हाणीघराचं दार लावायला विसरू नका, कारण त्याची नजर तिकडेच असते.

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याची अडचण उलटी. माती, गवत, राखेचा ढीग, सगळं त्याला चालतं, आणि राहत्या जागी घाण करायची नाही हे तो पहिल्यापासून पाळत आलेला असतो. म्हणूनच तो लवकर शिकतो. पण एक पेच पडतो: दोन दिवसांत तो तुमचं अंगणही राहतं घर धरतो, आणि अंगणात करायला तयार होत नाही. गेटबाहेर पडला की पहिल्याच खांबाशी मोकळा. तुम्हाला वाटतं, चला, फिरायला नेलं की करतो. मग ज्या दिवशी फिरायला नेणं जमत नाही त्या दिवशी बिचारा धरून धरून थकतो आणि शेवटी घरात होतं.

इथे फिरणं हेच बक्षीस करा. सकाळी लीश लावायची, पण गेट उघडायचं नाही. अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि लगेच गेट उघडून भटकायला. नाही केलं तर आत, पाव तासाने पुन्हा. पहिले दिवस तो गेटकडे ओढत राहील, केविलवाणा चेहरा करेल. तुम्ही ढळू नका, फक्त त्याला फार ताणू नका. बराच वेळ झाला तर त्या दिवशी बाहेर न्या, तिथे केलेल्या शूत कागद भिजवून आणा आणि कोपऱ्यात दगडाखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथे वास असतो. गेट शू केल्यावरच उघडतं, हे गणित कळलं की बरेच कुत्रे मग बाहेर पडायच्या आधी आपणहून त्या कोपऱ्यात जातात.

तिसरा कुत्रा फ्लॅटमधून सोडून दिलेला. लॅब्रॉडॉर, पग, पॉमेरेनियन असे पुष्कळ येतात. बाल्कनीत किंवा वर्तमानपत्रावर करायची सवय, आणि पुष्कळदा मार खाल्लेला. याला अंगणात वर्तमानपत्र पसरून द्या, कडेला दगड ठेवा, आणि रोज कागद थोडा थोडा लहान करत जा. घरात मात्र तोवर जमिनीवर पेपर, पायपुसणी, चटया काही ठेवू नका. त्याला त्यातला फरक कळत नाही.

बाहेर उभा राहतो, आत येऊन करतो

कुत्रा कुठलाही असो, अंगणात त्याला एकटं सोडून दार लावून घेऊ नका. मोठं अंगण असलेल्या घरांत शिकवणी लांबते ती यामुळेच. दार उघडलं, कुत्रा बाहेर, आपण ओट्यावर चहा घेत. त्याने केलं की नाही दिसत नाही, शाबासकी वेळेवर पडत नाही, आणि तो खारीमागे धावण्यात सगळं विसरतो. स्वतःच्या अंगणातसुद्धा पहिले काही आठवडे लीश लावूनच न्या. छोटी, चार-पाच फुटांची.

एकच दार, एकच वाट, एकच कोपरा. तिथे जाऊन झाडासारखं उभं राहायचं. गप्पा नाहीत, फोन नाही, "कर ना रे" अशी विनवणी नाही. त्याला तुमच्याभोवती फिरू द्या, हुंगू द्या. पाच-सात मिनिटं पुरतात. करायला लागला की हळू आवाजात तुमचा शब्द म्हणा, "शू कर", "हो जा", काहीही, पण घरात सगळ्यांचा एकच. पूर्ण होऊ द्या. मध्येच आनंदाने ओरडलात तर तो अर्ध्यावर थांबतो आणि उरलेली आत येऊन करतो. झालं की तिथेच, दोन सेकंदांच्या आत, खाऊ. खिशात आधीच असायला हवा. आत येऊन डबा उघडून दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याबद्दलचा असतो. उकडलेल्या चिकनचा तुकडा, कलेजी, अंडं, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं चालेल. मनुका, बेदाणे कधीच देऊ नका, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक आहेत.

खाऊ दिल्यावर लगेच आत ओढून आणू नका. हे फार महत्त्वाचं आहे. शू केली की मजा संपते असं त्याच्या लक्षात आलं तर तो शू लांबवायला शिकतो. झाल्यावर पाच मिनिटं खेळा, हुंगू द्या, उन्हात बसू द्या.

नाहीच केलं तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. धोक्याची वेळ हीच. लीश तुमच्या कमरेला बांधा किंवा तुम्ही बसलात तिथे पलंगाच्या पायाला अडकवून त्याला शेजारी चादरीवर बसवा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तोच कोपरा. गोल फिरू लागला, अचानक उठून हुंगत निघाला, दाराकडे बघून थांबला, की आहे तसे बाहेर पळा. बहुतेक कुत्र्यांचं तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत होतंच. अशा वेळी सुट्टी घेऊन घरी कुणी असेल तर फार बरं. दत्तक आणायचा दिवस शुक्रवार-शनिवार ठेवा म्हणते ते यासाठी.

वेळांचं म्हणाल तर उठल्याबरोबर, दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात, झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर, झोपायच्या आधी, आणि पहिला आठवडा मध्ये दर दोन-अडीच तासांनी. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणाची वेळ ठरली की शीची वेळ ठरते. दिवसभर भरलेलं ताट ठेवणं त्यासाठीच नको. पाण्याचं भांडं मात्र कधी उचलू नका. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडलेली घरं मी पाहिली आहेत, आणि आपल्या वैशाखात, तेही विदर्भ-मराठवाड्यात, ते जिवावर बेतू शकतं.

घरभर फिरायची मुभा एकदम देऊ नका. पहिली एक खोली. दोन आठवडे ती कोरडी राहिली की दुसरी.

रागावणं

डोळ्यांसमोर करताना दिसला तर हलकी टाळी, "चल चल, बाहेर", आणि लीश धरून कोपऱ्यात. उरलेली तिथे केली तर पूर्ण शाबासकी. नंतर सापडलं तर काहीही बोलू नका, पुसून टाका.

नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं अजूनही सांगितलं जातं. त्याने कुत्रा एकच गोष्ट शिकतो: माणसासमोर करायची नाही. मग तो सोफ्यामागे, पलंगाखाली जातो, आणि अंगणात तुम्ही शेजारी उभे असताना तर मुळीच करत नाही. मार खाल्लेल्या कुत्र्यासाठी लांब दोरी घ्या, दहा-बारा फुटांची, आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. खाऊ त्याच्या पुढ्यात जमिनीवर टाका.

"पण त्याला कळतं हो, चेहरा बघा ना कसा अपराधी होतो." या चेहऱ्यावर २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने प्रयोग केला. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. तो चेहरा कुत्र्याने काय केलं यावरून येत नव्हता, मालक रागावला की येत होता. न खाताच बोलणी बसलेल्या कुत्र्यांमध्ये तर तो जास्त दिसला. घरी येऊन तुम्ही भुवया उंचावता, त्याला धोका कळतो आणि तो अंग चोरतो. सकाळच्या डबक्याशी त्याचा संबंध तो लावत नाही.

तुळस

अंगण म्हटलं की वृंदावन आलंच, आणि नर कुत्र्याला अंगणात उभी, उंच, एकटी अशी ती पहिली वस्तू दिसते. किती घरांत याच एका कारणाने आजी नाराज होते, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्या घरात खंडोबाचं कुत्रं म्हणून त्याला पहिला घास काढून ठेवतात, त्याच घरात तुळशीचं पावित्र्यही असतं, आणि दोन्ही सांभाळता येतं.

तुळशीपासून दूरचा, पलीकडचा कोपरा निवडा. तिथे लाकडाचा एक जुना ओंडका किंवा खांब उभा रोवा. नराला पाय वर करायला काहीतरी हवंच असतं. वृंदावनाभोवती दीड-दोन हात अंतरावर जाळी किंवा विटांची बुटकी कड करा, काही महिन्यांपुरती. एकदा तिथे झालंच असेल तर लगेच भरपूर पाणी ओता, वास राहिला की तो पुन्हा तिथेच जाणार. आजींना या शिकवणीत सामील करून घ्या. सकाळी लवकर उठणारं, वेळ पाळणारं आणि दिवसभर घरी असणारं माणूस घरात तेच असतं. "आजी, तेवढा त्याला खाऊ तुमच्या हातून द्या" म्हटलं की पुष्कळ घरांत वारं फिरतं.

पुसायचं कशाने

आपल्याला वास आला नाही म्हणजे त्याला येत नाही असं नाही. जुनी जागा शिल्लक राहिली तर वरची सगळी मेहनत पाण्यात. फिनाईलने आपल्या नाकाला बरं वाटतं, खालचा वास तसाच राहतो. काळं फिनाईल तर नकोच, पायाला लागून तोंडात जातं. अमोनियावाली द्रावणं टाळा, लघवीतही तोच वास असतो. गोमूत्र घातलेली फरशी पुसायची द्रव्यंही या काळात बाजूला ठेवलेली बरी, कारण कुत्र्याच्या नाकाला ती शेवटी लघवीच आहे.

आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग साधं पाणी, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर. तो ओतून लगेच पुसू नका, बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू द्या. त्याआधी तिथे फिनाईल पडलं असेल तर ते धुऊन काढा, नाहीतर एन्झाइमचं काम होत नाही. सिरॅमिक टाइल्सवर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी चालतं. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांवर व्हिनेगर वापरू नका. हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची झिलई जाते. शहाबादीच्या सांध्यांत लघवी मुरते, तिथे क्लीनर दोन-तीनदा लावा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो, आणि ब्लीच थेट लघवीवरही ओतू नका.

डाग दिसत नाही पण तो तिथेच हुंगतोय, असं असेल तर नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च रात्री अंधार करून फिरवा. वाळलेली लघवी पिवळसर-हिरवट चमकते. गोधडी, चटई धुऊन कडक उन्हात टाका.

पावसाळ्यात पुसताना रबरी हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून माणसापर्यंत येतात, आणि कोकणात-मुंबईत पावसात हा आजार नवा नाही. कुत्र्याच्या लशींमध्ये लेप्टोची लस आहे का ते कार्डावर बघून घ्या.

पाऊस आणि फटाके

मे महिन्यात शिकलेला कुत्रा जूनमध्ये सगळं विसरल्यासारखा वागतो. तो विसरलेला नसतो. पत्र्यावरचा आवाज, पोटाला लागणारं ओलं गवत आणि पावसाने धुऊन गेलेले वास यांनी त्याला तो कोपरा ओळखू येत नाही. म्हणून कोपरा निवडतानाच वर आडोसा करता येईल असा निवडा. चार बांबू, वर ताडपत्री, खाली विटांची चौकट आणि त्यात जाडसर वाळू किंवा मुरूम, पाणी साचणार नाही असं. छत्री घेऊन स्वतः सोबत जा. रात्री टॉर्च पाहिजेच, पायात बूट पाहिजेत. या दिवसांत साप-विंचू बाहेर निघतात, आणि कोकणात फुरसं पालापाचोळ्यात दिसतही नाही.

दिवाळीच्या संध्याकाळी शेवटची फेरी अंधार पडायच्या आत उरका. मग रात्री उशिरा, फटाके थांबल्यावर, लीश लावूनच. घाबरलेला कुत्रा कुंपणावरून उडी मारून पळतो, आणि नवा कुत्रा परत यायची वाट ओळखत नाही. त्या चार दिवसांत घरात झालं तर पुसून सोडून द्या.

बरं चाललं होतं, पुन्हा सुरू झालं

महिनाभर सगळं छान, आणि अचानक पुन्हा डबकं. आधी परत डॉक्टर. मग घरात काय बदललं ते आठवा. पाहुणे आले, सोफा बदलला, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, नोकरीच्या वेळा बदलल्या, कामवाल्या ताईंनी नवं फिनाईल आणलं. भादवा असेल तर विचारूच नका. गल्लीत कुत्र्यांचा माज असतो, गेटवर बाहेरचे नर खुणा करून जातात, आणि आपला आतून दारावर उत्तर देतो. गेट आणि कुंपणाची बाहेरची बाजू रोज धुवा.

कारण काहीही निघालं तरी दोन आठवडे मागे जा: लीश, कोपरा, खाऊ, एक खोली. पहिल्या वेळेपेक्षा लवकर बसतं. नऊ-दहा वर्षांच्या पुढचा कुत्रा असेल, घरातच वाट चुकल्यासारखा भिंतीकडे बघत उभा राहत असेल, रात्री जागत असेल, तर म्हातारपणी मेंदू थकल्याची ती खूण असू शकते. त्याच्याकडून जास्त धरण्याची अपेक्षा न करता फेऱ्या वाढवा आणि डॉक्टरांशी बोला.

कोपऱ्यातली शी रोज उचला. साचली की तो तिथे पाय ठेवत नाही आणि दुसरी जागा शोधतो, आणि शीतल्या जंतांची अंडी मातीत राहतात, मातीत खेळणाऱ्या मुलांना ती बाधतात. ही शी भाजीच्या वाफ्यात किंवा त्यासाठीच्या खतात घालू नका. गवत जळून पिवळं पडत असेल तर त्याने केल्याबरोबर एक तांब्या पाणी ओता. तुम्ही गावाला जाणार असाल आणि शेजारच्या काकू त्याला बघणार असतील, तर त्यांना निघायच्या आधी दोन दिवस बोलवा आणि कुठलं दार, कुठला कोपरा, कुठला शब्द आणि खाऊ कधी द्यायचा, हे त्याच्यासोबत प्रत्यक्ष करून दाखवा.